चाक कोठें थांबावें?

घरांत एखादी जुनी वस्तु असली म्हणजे तिच्याविषयीं घरांतील प्रत्येकाचें मत निराळें असतें. कोणास ती अडगळ वाटते, कोणास ती ठेव वाटते, आणि कोणास ती नव्या कामाचा कच्चा माल वाटते. आमच्या घरीं गेलीं दोन वर्षें अशा एका वस्तूवरून वाद चालला होता. ती वस्तु म्हणजे अठरा वर्षें राबलेली एक पिकअप गाडी. वाद तसा घरगुती. मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याइतका मोठा नव्हे. परंतु त्या वादाच्या अखेरीस जो प्रश्न शिल्लक राहिला, तो एकट्या आमच्या घरचा नाहीं असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

कल्याणच्या पुढें कसाऱ्याच्या मार्गावर तिसरें स्थानक टिटवाळ्याचें. महागणपतीच्या देवळामुळें हें नांव महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे, आणि अंगारकी चतुर्थीस येथें होणारी दाटी ज्यानें एकदां पाहिली त्यास तिचें वर्णन सांगावयास नको. माझ्या थोरल्या बंधूंचा येथें मंडपाचा धंदा होता. बांबू, दोर, कनाती, सतरंज्या, पाण्याचीं पिंपें आणि मोठालीं पातेलीं पोटांत घेऊन ही गाडी काळू नदीच्या दोन्ही तीरांवरील गांवोगांव हिंडली. पंचक्रोशींतील किती लग्नें, किती मुंजी आणि किती तेराव्यांचीं जेवणें तिनें पार पाडलीं याची गणती नाहीं. पावसाळ्यांत कच्च्या रस्त्यावर अडूं नये म्हणून दादांनीं मुद्दाम चारहि चाकांना इंजिनाची ओढ मिळेल अशी गाडी घेतली होती. पुढें दादा गेले, धंदा मोडला, आणि गाडी अंगणांतल्या चिंचेखालीं उभी राहिली. त्यांचा मुलगा ठाण्यास एका कचेरींत नोकरी करतो. सुटीचा दिवस आला कीं त्याचे पाय डोंगराकडे वळतात. त्यानें ठरविलें कीं गाडी भंगारांत द्यावयाची नाहीं. आडवाटेनें जाऊन रानांत मुक्काम करतां येईल अशी ती नव्यानें सजवावयाची. वहिनींनीं एकच वाक्य उच्चारलें : “त्यांच्या गाडीचें सोंग करूं नकोस.” आणि पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, आतां तुम्हीच आईला सांगा.” मी काय सांगणार! माझेंच मत ठरलेलें नव्हतें.

तरी पण काम सुरू झालें, आणि निवृत्त माणसास दुसरा उद्योग नसल्यामुळें मीं तें जवळून पाहिलें. आरंभींचे दोन महिने तर नवें कांहीं बसविण्यांत गेलेच नाहींत. जुनें काय काय कुजलें आहे हें पाहण्यांतच गेले. हौद्याचा पत्रा गंजून चाळणीसारखा झाला होता, ब्रेकच्या नळ्या चिरल्या होत्या, आणि मागचे कमानपाटे अठरा वर्षांच्या ओझ्यानें थकून सपाट झाले होते. तें सारें बदलल्यावर मग खोल नक्षीचे टायर आले. इंजिनाच्या पोटाखालीं दगड लागूं नये म्हणून पोलादी पत्रा आला. रात्रीच्या दिव्यानें गाडी सुरू करण्याची वीज खाऊं नये म्हणून दुसरी बॅटरी आली. आणि चाळीस लिटर पाण्याची टांकी आली. हौद्यांत सामानाच्या पेट्या करावयाच्या होत्या. त्या पुतण्यानें दादांच्या मंडपाच्या जुन्या फळ्यांतून करवून घेतल्या, आणि वर ताणावयाचें कापडहि जुन्या कनातीचेंच घेतलें. तें पाहून वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परंतु पेट्यांना तेलपाणी करावयास त्या स्वतः बसल्या.

आमचा मिस्त्री शाळेंत फारसा गेलेला नव्हता, पण त्याच्याशीं बोलतांना मला पुष्कळ शिकावयास मिळालें. पुतण्याचा बेत गाडी चांगली वीतभर उंच करण्याचा होता. मिस्त्री म्हणाला, “उंच करतों, पण मग उतरंडीवर ती आडवी पडेल.” गाडीची उंची वाढली कीं तिचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि जो कल तिनें सहज सोसला असता त्याच कलावर ती उलटते. टायर मोठे घातले तर प्रत्येक फेऱ्यांत चाक अधिक अंतर तोडतें. म्हणून चढावर इंजिनास जड जातें, ब्रेकला श्रम पडतात, आणि वेगाचा कांटा खऱ्यापेक्षां कमी वेग दाखवूं लागतो. पाण्याची टांकी छतावर ठेवावी तर तोच चाळीस किलोंचा भार वळणावर गाडीस झोके देतो. म्हणून ती हौद्याच्या तळाशीं, मागच्या आंसाच्या पुढें बसवावी लागते. यंत्राच्या राज्यांत कोणताहि गुण फुकट मिळत नाहीं. एकीकडे जें मिळविलें त्याची किंमत दुसरीकडे मोजावीच लागते. हा नियम यंत्रापुरताच आहे अशी त्या वेळीं माझी समजूत होती.

वहिनींच्या वाक्यांत एक शंका दडलेली होती. इतकें सारें बदलल्यावर ही दादांची गाडी राहिली काय? प्रश्न फार जुना आहे. थीसिअसचें जहाज अथेन्सच्या लोकांनीं कुजलेल्या फळ्या बदलीत बदलीत जतन केलें, आणि तें तेंच कीं दुसरें यावर तत्त्वज्ञांचे तंटे माजले, असें प्लूटार्क सांगतो. आपल्याकडे तर इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांतील ग्रीक राजा मिनँडर, ज्यास बौद्ध परंपरा मिलिंद म्हणून ओळखते, त्याला भिक्षु नागसेनानें त्याच्याच रथाचें उदाहरण देऊन कुंठित केलें. आंस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, जूं म्हणजे रथ नव्हे. मग रथ म्हणून म्हणतात तो कोठें आहे? या सर्वांच्या मेळाला व्यवहारासाठीं दिलेलें तें एक नांव आहे, असें त्या संवादाचें तात्पर्य. परंतु टिटवाळ्यांत राहणाऱ्या माणसाला याचें उत्तर शोधण्यास ग्रंथांत शिरावें लागत नाहीं. आमच्या देवळाचा पेशवाईंत जीर्णोद्धार झाला असें सांगतात. पुढेंहि त्यांत फेरफार झाले. आजच्या देवळांत त्या काळचा किती दगड आणि किती लांकूड उरलें आहे, असें विचारीत कोणी दर्शनास येत नाहीं. पूजा अखंड चालली आहे तोंवर देऊळ तेंच. जीर्णोद्धार या शब्दांत आपल्या लोकांनीं हा निकाल केव्हांच देऊन ठेविला आहे : जुनें जपावयाचें म्हणजे त्याचें द्रव्य जपावयाचें नव्हे, त्याचा उपयोग आणि त्याच्याशीं असलेलें आपलें नातें जपावयाचें. तेव्हां फळ्या बदलल्या, पाटे बदलले, एवढ्यावरून वहिनींनीं खंत करण्याचें कारण नव्हतें. पण उपयोगच बदलला तर? देवळाची धर्मशाळा केली तर त्यास जीर्णोद्धार म्हणतां येईल काय? वहिनींची खरी बोंच येथें होती.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं कायद्याची बाजू थोडक्यांत सांगितली पाहिजे. कारण ती पुष्कळांस ठाऊक नसते, आणि ज्यांस असते त्यांना ती जाचक वाटते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणें, निर्मात्यानें मूळ ठरविलेल्या आणि नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं हाच अर्थ कायम केला. रंग बदलणें, किरकोळ साहित्य बसविणें यांस मोकळीक आहे. मूळ बांधणीशीं खेळण्यास नाहीं. पुतण्या चिडला. “गाडी माझी, पैसा माझा, मग कागदाचा काय संबंध?” असें तो म्हणाला. मला मात्र या कलमांत एक शहाणपण दिसलें. रस्त्यावर समोरून येणारा अनोळखी माणूस आपल्या गाडीवर एक विश्वास टाकीत असतो : ती जशी दिसते तशी ती आहे, आणि जशी नोंदली आहे तशी ती वागेल. वस्तु माझी असली तरी हा विश्वास माझा नसतो. तो दुसऱ्याची ठेव म्हणून माझ्याजवळ असतो. गाडीची उंची वाढविण्याचा बेत शेवटीं सोडावा लागला. मुक्कामाचें सारें साहित्य हौद्यांतून उचलून बाहेर काढतां येईल असेंच केलें. आणि धांवत्या गाडींत मागें कोणी बसावयाचें नाहीं असें ठरलें. कायद्यानें येथवर आमची सोबत केली. त्याच्या पुढच्या वाटेवर तो आमच्याबरोबर येणार नव्हता.

आतां उपयोग बदलण्याचा प्रश्न. श्रमाचें साधन करमणुकीचें केलें तर त्याचा अपमान होतो काय? इतिहास पाहतां, साधनांचे धर्म नेहमींच बदलत आलेले आहेत. आज आपल्या डोंगराळ भागांत जी जीप शाळेंतलीं मुलें आणि बाजारचें ओझें वाहते, तिचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेंतून १९४१च्या सुमारास अमेरिकेंत झाला. युद्ध संपल्यावर तिचे सुटे भाग आणून मुंबईंत ती जोडण्याचें काम सुरू झालें, आणि रणांगणावरचें वाहन शेतावरचें झालें. त्याबद्दल कोणी दुःख केलें नाहीं. मग शेतावरचें आणि मंडपाचें वाहन सुटींतलें झालें तर तक्रार कां व्हावी? परंतु दोन्ही संक्रमणें सारखीं नाहींत. युद्धाकडून श्रमाकडे येणें हें एका गरजेकडून दुसऱ्या गरजेकडे येणें आहे. श्रमाकडून विरंगुळ्याकडे जाणें म्हणजे गरज मागें टाकून हौसेकडे जाणें आहे. आणि हौस करणाऱ्यानें आपल्या पायाखालीं कोणाची गरज पडली आहे हें पाहिलें पाहिजे.

या बाबतींत मला थोरोची आठवण होते. १८४५ सालीं वॉल्डन तळ्याकाठीं साधें आयुष्य जगून पाहण्यासाठीं त्यानें आपल्या हातांनीं खोपट बांधलें, ही गोष्ट सर्वांस माहीत असते. त्या खोपटाच्या फळ्या कोठून आल्या हें फारसें कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. रेल्वेच्या कामावर असलेल्या जेम्स कॉलिन्स नांवाच्या एका आयरिश मजुराची झोपडी त्यानें सव्वाचार डॉलरांस विकत घेतली व ती मोडून तिचें लांकूड नेलें. ताबा घेण्यास तो पहांटे निघाला तेव्हां तें कुटुंब त्याला वाटेंत भेटलें. त्यांचा अवघा संसार एका गांठोड्यांत मावला होता. हें सारें थोरोनें आपल्या १८५४च्या ग्रंथांत स्वतःच नमूद करून ठेविलें आहे, ही त्याच्या प्रामाणिकपणाची खूण. त्यानें किंमत दिली, फसवणूक केली नाहीं. तरी एकाचें छप्पर हें दुसऱ्याच्या प्रयोगाचें साहित्य झालें, ही गोष्ट उरतेच. निसर्गाच्या सान्निध्यांत चार दिवस साधेपणानें राहणें ज्यांना परवडतें, त्यांच्या साधेपणाच्या फळ्या बहुधा कोणाच्या तरी श्रमांतून आलेल्या असतात. माझ्या पुतण्याचें शिक्षण याच गाडीनें वाहिलेल्या बांबूंवर झालें. तेव्हां तिनें आतां त्याला रानांत न्यावें यांत मला अनुचित कांहीं वाटेना. ऋण विसरलें नाहीं म्हणजे झालें, असें म्हणून मीं वहिनींची समजूत घातली. ऋण न विसरणें म्हणजे काय करणें, हें मात्र मला तेव्हां सांगतां आलें नसतें. तें पुढें कळलें; आणि कळलें तें माझ्या लौकिकांत भर घालणाऱ्या रीतीनें नव्हे.

आषाढाच्या तोंडावर आम्ही तिघे, पुतण्या, त्याचा एक मित्र आणि मी, गोवेलीवरून मुरबाडच्या रस्त्यास लागलों. पाऊस चांगला दोनदां पडून गेला होता. टोकावडें मागें पडल्यावर मुख्य रस्ता सोडून आम्ही एका वाडीपर्यंत गेलों. तेथें गाडीवाट संपली. समोर खाचरें होतीं, त्यांच्यापलीकडे ओढा, आणि ओढ्याकाठीं मुक्कामास सुरेख असें सपाट माळरान. अंतर चारशें पावलांचें असेल. वाट होती ती बांधावरून जाणारी पायवाट. पुतण्यानें क्षणभर विचार केला, चारहि चाकें जोडणारा दांडा ओढला, आणि गाडी खाचरांत घातली. नव्या टायरांनीं चिखल कापला, आडवा आलेला बांध पुढच्या चाकांनीं चढला, मागच्या चाकांनीं उतरला, आणि पांच मिनिटांत आम्ही ओढ्याकाठीं होतों. मित्रानें टाळ्या वाजविल्या. मी गप्प बसलों होतों.

मी गप्प कां बसलों हें येथें लिहिलें पाहिजे, नाहीं तर या लेखास अर्थ नाहीं. माझ्या आजोबांची भातशेती होती. बांध म्हणजे काय हें मला ठाऊक होतें. मातीचा तो हातभर उंचवटा खाचरांत पाणी धरून ठेवतो. तो फुटला तर पाणी निघून जातें, चिखल वाळतो, आणि आवणीला रोप तयार असूनहि तें लावतां येत नाहीं. हें सर्व जाणूनहि मी बोललों नाहीं, कारण माझे गुडघे दुखत होते, आणि सामान घेऊन चिखलांतून चारशें पावलें चालण्याची मला इच्छा नव्हती. पुतण्यानें जें केलें तें कांहींसें अज्ञानानें केलें. मीं जें केलें तें ज्ञानपूर्वक केलें.

सायंकाळीं खांद्यावर इरलें घेतलेला एक म्हातारा शेतकरी आमच्याकडे आला. तो रागावला नव्हता, याचीच मला अधिक लाज वाटली. “बांध फुटला, भाऊ,” तो पुतण्याला म्हणाला, “आतां पानी राहायचं नाय खाचरांत.” पुतण्या ओशाळला, त्यानें खिशांतून पांचशेंची नोट काढली. म्हाताऱ्यानें हात पुढें केला नाहीं. “पैशाचं काय करूं? मानूस पाहिजे. पोरगा कामाला गेलाय भिवंडीला, आवणी तोंडावर आली.” आमच्या गाडींत दोन बॅटऱ्या होत्या, चाळीस लिटर पाणी होतें, चहाचें चार तऱ्हेचें सामान होतें, पण फावडें नव्हतें. अंधार पडेपर्यंत त्या दोन तरुणांनीं एक जेवणाचें ताट आणि हात यांनीं माती ओढून बांध कसाबसा धरला. मी ओढ्याकाठीं बसून तें पाहत होतों.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, आणि मिस्त्रीचा नियम पुनःपुन्हां आठवूं लागला. यंत्रांत गुण मिळविला कीं त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. आम्ही गाडीला आडवाटेनें जाण्याचा गुण दिला होता. त्याची किंमत आम्ही इंजिनांत, टायरांत आणि पैशांत मोजली असें समजत होतों. खरी किंमत मोजावयाची राहूनच गेली होती. जुन्या गाडीला गुळगुळीत टायर असते तर ती वाडीपाशीं आपोआप थांबली असती. वाट जेथें संपली तेथें आमचा मोहहि संपला असता, आणि आम्ही सज्जन म्हणून ओळखले गेलों असतों. हा सज्जनपणा आमचा नसता. तो गुळगुळीत टायरांचा असता.

त्याच डोंगरभिंतींत मागें नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळापासून लमाणांचे तांडे आणि लादलेलीं जनावरें ज्या वाटेनें कोंकणांतून देशावर गेलीं, ती वाट दगडांत खोदलेली आहे. तेथें चाक चालत नाहीं. घाटमाथ्यावरील धनगर पिढ्यान् पिढ्या हिंवाळ्यांत मेंढ्या घेऊन कोंकणपट्टींत उतरत आले आहेत. त्यांचें घर घोड्याच्या पाठीवर असतें. वर गांठोडें, त्यावर कोंबडें, कधीं एखादें मूल. पुतण्यानें दीड वर्ष खपून जें साधलें, तें त्यांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं साधलेलें आहे. पण एक भेद आहे. धनगराची मेंढरें शेतांत बसतात तीं भात कापून झाल्यावर, आणि शेतकऱ्याच्या बोलावण्यावरून बसतात. त्यांच्या लेंड्यांनीं जमीन सुपीक होते म्हणून शेतकरी उलट त्यांना धान्य देतो. त्यांच्या मुक्कामानें जागा समृद्ध होते. आमच्या मुक्कामानें एक बांध फुटला. ते लोक आमच्याहून स्वभावानें थोर असतील वा नसतील. परंतु घोड्याचा थकवा, घाटाची पायरी आणि शेतकऱ्याची मर्जी या तीन गोष्टी त्यांच्या बाजूनें मर्यादा सांभाळीत आल्या. आम्ही घोड्याचा थकवा घालविला, पायरी गुळगुळीत केली, आणि मर्जी विचारण्याची गरज उरूं दिली नाहीं.

यांतून मला जें वाटतें तें असें. कोणतेंहि नवें सामर्थ्य मिळविणें म्हणजे बाहेरची एखादी मर्यादा काढून टाकणें. परंतु ती मर्यादा केवळ आपल्याला अडवीत नव्हती. ती दुसऱ्या कोणाचें तरी रक्षणहि करीत होती. ती बाहेरून काढली तर तितकीच मर्यादा आंत, आपल्या मनांत, आणून बसविणें हें आपल्यावर कर्ज होतें. पोलादी पत्रा बसविला त्या दिवशींच तें कर्ज झालें. टायर आणि पाटे विकत मिळतात. ही वस्तु कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं, म्हणून ती बसवावयाची राहून जाते.

यावर कोणी म्हणेल कीं, मग सामर्थ्यच नको; गुळगुळीत टायर हेच बरे. मला हें मान्य नाहीं. २००५च्या आणि २०१९च्या जुलैंत उल्हास व काळू यांच्या खोऱ्यांत पाणी चढलें तेव्हां जें वाहन चिखलांतून आणि पाण्यांतून निघूं शकत होतें त्याची किंमत ज्यांच्या घरांत आजारी माणूस होतें त्यांना विचारावी. शिवाय, असमर्थाच्या वागण्यास नीति म्हणतां येत नाहीं. ज्याच्या घरांत अन्न नाहीं त्याच्या उपाशी राहण्यास कोणी एकादशी म्हणत नाहीं. उपवास त्याचा, ज्याच्या पुढें ताट आहे. जी गाडी पुढें जाऊंच शकत नाहीं तिच्या मालकानें वाडीपाशीं थांबणें हा संयोग आहे. जी जाऊं शकते तिच्या मालकानें थांबणें हा संयम आहे. त्या अर्थानें पुतण्यानें गाडी सुधारली तेव्हां त्यानें स्वतःसाठीं एक सद्गुण शक्य करून घेतला. तो त्यानें आचरला नाहीं, एवढेंच.

दुसरा आक्षेप असा कीं, बांध शेतकऱ्याचा होता, म्हणून दोष उघड झाला. पण उघड्या माळावर, ज्या जागेस मालकच नाहीं तेथें, चाक फिरविल्यानें कोणाचें काय गेलें? ज्यांनीं आपल्या डोंगरउतारावरील चाकोऱ्या पावसाळ्यांत पाहिल्या आहेत ते असें विचारणार नाहींत. चाकानें दाबलेल्या मातींत पाणी मुरत नाहीं. तें चाकोरी धरून धांवतें, पहिल्या वर्षीं रेघ असते तिची पुढें घळ होते, आणि गवताची मुळें उघडीं पडतात. तेथें म्हातारा येऊन बोलत नाहीं इतकाच फरक. मालक नसलेली जागा ही बहुधा बोलूं न शकणाऱ्यांची जागा असते. तेथें कायदा असला तरी पहारेकरी नसतो, आणि म्हणूनच तेथें आपली खरी परीक्षा होते.

पुढच्या रविवारीं पुतण्या आणि त्याचा मित्र दोन फावडीं घेऊन त्या वाडीस गेले. बांध त्यांनीं नीट बांधून दिला, आणि त्यानंतरचे दोन रविवार आवणीस हात लावला. त्यांच्या रोपांच्या ओळी पाहून तेथल्या बायका हंसल्या, असें त्यानें स्वतःच सांगितलें. तेव्हांपासून हौद्यांत एक फावडें कायम असतें. वाट संपली कीं गाडी उभी राहते, आणि पुढचें सामान खांद्यावरून जातें, असा त्यानें नियम केला आहे. वहिनी गेल्या हिंवाळ्यांत एकदां त्याच्याबरोबर जाऊन आल्या. मंडपाच्या फळ्यांच्या पेटीवर बसून त्यांनीं चहा केला, आणि परत आल्यावर मला म्हणाल्या, “भावजी, गाडी त्यांचीच आहे हो.” कशावरून, तें मीं विचारलें नाहीं. वाडींतल्या माणसांनीं त्यांना भाताची नवी कणी बांधून दिली होती, तेवढी मात्र त्यांनीं दाखविली.

पुतण्याच्या बाबतींत मला आतां चिंता नाहीं. त्यानें आपलें कर्ज हातांनीं फेडलें. माझें मात्र तसेंच आहे. मीं गाडी हांकली नाहीं, बांध फोडला नाहीं, आणि बांधलाहि नाहीं. मी फक्त बसलेला होतों, आणि मला सर्व ठाऊक होतें. या वयांत माझ्या हातून चाक फिरविलें जाण्याचा संभव थोडा; पण चालणाऱ्या चाकांत बसण्याचे प्रसंग अजून पुष्कळ येतील. पुढच्या खेपेस वाट संपेल तेव्हां गुडघे दुखत असतांनाहि मी “थांब” म्हणेन काय, याची खात्री मला देतां येत नाहीं. म्हणून निदान तें लिहून ठेवीत आहें. पुतण्या हें मासिक वाचतो, आणि मी गप्प बसलोंच तर तो मला आठवण करून देईल.